नडगीवर भार

"डॉक्टर, मी उभी राहिले की माझ्या हाडाला कळतं का?"

प्रश्न अंकिता आणि रेश्मानं फोनवर पढवून दिलेला. हे डॉक्टर जास्त बोललेलं खपवून घेत नाहीत, अशी त्यांची ख्याती. "विचारून दाखव की," मैत्रिणी म्हणाल्या आणि राजनंदिनीनं दाखवलं. आईनं मागून तिची ओढणी ओढली.

सांगोल्याकडून सोलापूरच्या दवाखान्यात आलेल्या राजनंदिनी, आई आणि वडील आप्पा या तिघांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. खो-खोत मोडलेल्या नडगीचं प्लास्टर निघालं होतं, पण आप्पा तिला जमिनीला पाय लावू देईनात. आईबाप दिवसभर शेळ्यामेंढरांमागं, घरी बघायला कुणी नाही. हाड जुळून धरलं नसेल तर तिनं करमाळ्याला मामाकडं पडून राहायचं, दहावी पुढच्या वर्षी, असं घरात ठरूनच गेलं होतं.

डॉक्टर रागावले नाहीत. एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले, "कळतं. हाडात पेशी रुतून बसलेल्या असतात, एकमेकींचे हात धरून. भार पडला की हाड केसभर वाकतं, आतलं पाणी हलतं, पेशींना ओढ बसते. मग त्या शेजारणींना निरोप देतात, इथं भर घाला."

"आमच्या गल्लीसारखं. एकीला कळलं की सगळ्यांना."

"तसंच. पण ओढच बसली नाही तर निरोप कसला? हाड विरळ होत जातं. तुझं धरलंय. उभी राहा."

आप्पा पुढं झाले. "सायेब, परत मोडंल की."

"आप्पा, करडाच्या मोडल्या पायाला बांधलेल्या कामट्या काढल्या की लगेच कळपात सोडता. मलाच काय उचलून नेताय?"

"करडू पडलं तर उठतंय. तू माझी हायस."

ती टेबल धरून उठली, मग हात सोडला. पाय थरथरला, ताण जाणवला, कळ मात्र आली नाही. तिला हसूच फुटलं. आई मटकन बाकावर बसली आणि पदरानं डोळे पुसत तीही हसायला लागली.

"काही दिवस काठी. धावायचं नाही अजून," डॉक्टरांनी बजावलं.

बाहेर रिक्षापाशी आप्पांनी सवयीनं तिला उचलायला हात पुढं केले. ती काठी टेकत मागं सरली.

"आई, मामाला फोन लाव, मी येत न्हाय म्हणावं. सोमवारपास्नं शाळा. आन् आप्पा, गाडी फाटकाशीच थांबवायची. वर्गापतूर मी माझी चालत जाणार हाय."