चर्चेच्या पानावरचं स्थळ

शाहूपुरीत माझं वधूवर सूचक मंडळ हाय, अठ्ठावीस वर्षं झाली. आमच्या लिंगायत समाजातली निम्मी लग्नं पवित्राक्कानं जमवली असं लोक म्हणतात, आणि मी कशाला न्हाय म्हणू? फक्त घरात एक पोरगी होती, रुद्राणी, वय सत्तावीस. तिनं एकोणीस स्थळं नाकारली. एक हसताना नाकातनं आवाज काढतो, एकाला फोनच सुटत न्हाय. भाजी घ्यायला गेलं की कोणतरी विचारणारच, "काय अक्का, घरचं कवा?" अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्यात समाजाच्या मेळाव्यात मी माइक हातात घेऊन बोलून बसलो होतो. (आमच्याकडं बायका पण 'आलो, गेलो'च म्हणतात, त्याला इलाज न्हाय.) म्हटलं, माझ्या पोरीनं स्वतः जमवलं तर दुसऱ्या दिवशी मंडळाची पाटी खाली उतरवीन. टाळ्या पडल्या. अध्यक्ष गणपतरावांनी तर शाल घातली.

एकोणिसावं स्थळ गेलं त्या रविवारी माझं डोकं फिरलं. "तुला पायजे तरी कसला?"

"तोमागोरोसारखा," ती म्हणाली.

"ह्यो कुणाचा कोण?"

"शोध की अव्वा. तुझं कामच हाय ते." आणि लॅपटॉप टेबलावर उघडा टाकून बाई मैत्रिणीकडं निघून गेल्या.

बघतोय तर जपानी कार्टूनचा कोश. कार्टून म्हटलेलं तिला खपत न्हाय, ॲनिमे म्हणायचं. दहा-बारा मराठी पोरापोरींनी हौसेनं लिहिलेला. तोमागोरोचं पान उघडंच होतं आणि मी उडालोच. उंची एकशे एक्क्याऐंशी, जन्मतारीख, रक्तगट ओ, व्यवसाय तलवारबाजी, भावंडं दोन, आवड काकडी. ह्यो तर सरळसरळ बायोडाटा की! गोत्र तेवढं न्हवतं.

मग मी शिरलो आत. निळ्या अक्षरावर बोट ठेवलं की दुसरं पान. तलवारीवरनं त्याच्या गावावर, गावावरनं ज्वालामुखीवर, तिथनं त्याच्या मेलेल्या मास्तरावर. परत यायची वाट कुठाय कळंना, तिकडं दूध उतू गेलं. एक 'कुठलंही पान' म्हणून बटण होतं, ते दाबलं तर बोलणारा ऑक्टोपस आला, त्याचं लग्न झालेलं होतं. मधेच पाटी दिसायची: पुढं गोष्टीचं गुपित फुटेल, जपून वाचा. आमच्या धंद्यात अशी पाटी दिसली की आम्ही तेच आधी उघडतो.

मग वर 'चर्चा' दिसलं. तिथं दोघं तीन वर्षं भांडत होती. एक 'रुद्रवीणा', म्हणजे आमचीच कन्या, आणि दुसरा 'शशी मागवाला'. कशावरनं? तोमागोरोच्या रक्तगटावरनं. ती म्हणती ओ, तो म्हणतो पुरावा दाखव. चाळीस-एक निरोप, आणि मधेच त्याचं एक वाक्य: "तुझं चुकलंय, पण जेवलीस का?" अठ्ठावीस वर्षांत मी एवढं शिकलोय, भांडणात जेवणाची चौकशी आली की ते भांडण न्हाय.

त्याच्या नावावर बोट ठेवलं. त्याचं पान उघडलं तर काय सांगू: नाव शशिधर, राहणार इचलकरंजी, समाज लिंगायत, वडील बाळाप्पा, घरचे यंत्रमाग, उंची पाच फूट दहा, निर्व्यसनी. मी खुर्चीतच गुदगुल्या झाल्यागत हसलो. पोरगी नाकासमोरचा पोरगा सोडून जपान्याला घेऊन बसलीया, आणि शोधला कुणी? मी!

दुसऱ्या दिवशी इचलकरंजीला चौकशीला गेलो. चौकशी पावण्यारावळ्यांत करायची नसते, ते गोडच बोलतात. ज्याच्याशी भिंतीवरनं वाद हाय त्या शेजाऱ्याला विचारायचं. शेजाऱ्यानं बाळाप्पाला अर्धा तास शिव्या घातल्या, पोराला एकपण न्हाय. स्थळ पक्कं. गणपतरावांना मध्यस्थ घेतलं आणि पुढच्या रविवारी घर बघायला जायचं ठरवलं. रुद्राणी म्हणाली, "तू म्हणतीस तर बघू." लईच गरीब तोंड करून म्हणाली.

शनिवारी सहज म्हणून परत पोराचं पान उघडलं. आता मी त्या कोशात पटाईत झालो होतो, म्हणून 'इतिहास' दाबलं. त्या कोशात कुणाच्याही पानावर कुणीपण लिहू शकतंय, आणि कुठली ओळ कुणी, कवा लिहिली ते सगळं तिथं असतंय. तीन वर्षं त्या पानावर एकच ओळ होती: मला माग आणि ॲनिमे आवडतात. बाकीचं सगळं, समाज, वडील, उंची, निर्व्यसनी, एका दमात आलेलं. त्याच रविवारी सकाळी, लॅपटॉप उघडा राहिला त्याच्या आधी तासभर. लिहिणारी, रुद्रवीणा.

डोक्यात तिडीक गेली. माझ्याच धंद्याची भाषा वापरून मलाच गंडवलं कार्टीनं. उठून कान पिळणारच होतो, तेवढ्यात शेजारी बारीक अक्षरात बदलाचं कारण दिसलं. तिनं लिहिलं होतं: "अव्वाला सापडायला पायजे. तिची पाटी राहिली पायजे."

कान पिळायचं राहिलं. लॅपटॉप मिटला आणि उद्याची साडी काढून ठेवली.

रविवारी इचलकरंजीत शेजारच्या शेडमध्ये मागांचा खडखडाट, आणि इकडं ह्या दोघांचं नाटक. तो विचारतोय, "तुमचं नाव काय?" ही जमिनीकडं बघून सांगतीया, "रुद्राणी." त्याच्या आईनं हिला न विचारता बिनसाखरेचा चहा दिला, ही तसलाच पिती. म्हणजे म्हातारीपण सामील. सगळ्यात येडी मीच.

बाळाप्पा म्हणाले, "अक्का, एवढ्या गावातनं आमचं घर बरं शोधलंसा."

गणपतराव कौतुकानं माझ्याकडं बघायला लागले. नुसती मान हलवली असती तर भागलं असतं. रुद्राणी पण डोळ्यांनी तेच सांगत होती.

"मी न्हाय शोधलं," मी म्हटलं. "पोरीनं शोधलं, तीन वर्षांपूर्वी. माझी पाटी खाली येऊ नये म्हणून एकोणीस पोरांना नाकं मुरडत बसली."

शशिधरनं चहा सांडला.

"मग पाटीचं काय?" गणपतरावांनी विचारलं.

"उद्या उतरवतो."

रुद्राणीनं माझा हात धरला. पाटीचं मला त्या वक्ताला काय वाटलं न्हाय. पोरगी एवढे दिवस एकटीच ह्यो घोर घेऊन फिरली आणि लोकांची तोंडं वाचत हिंडणाऱ्या मला कळलं न्हाय, त्याची लाज वाटली. तसं मी तिला तिथंच, सगळ्यांसमोर सांगितलं.

बाळाप्पा घसा खाकरून म्हणाले, "उतरवा की अक्का. पण आमची धाकटी हाय अजून. तिचं तेवढं जमवा आणि मग उतरवा."

आतल्या खोलीतनं धाकटीचा आवाज आला, "माझं जमलंय, अप्पा."