बांधावरची जागा

रोहितने गेमसाठी जागा हवी म्हणून कॉम्प्युटरमधलं काहीबाही पुसलं, त्यात माझं वऱ्हाड गेलं. म्हणजे एका बोटाने टाइप केलेली माझ्या लग्नाची हकीकत, वणीहून बैलगाड्या निघाल्या तिथपासूनची. महिनाभर लिहीत होते.

"आजी, सॉरी ना गं," नातू म्हणाला.

सॉरीने काय वऱ्हाड परत येतं? पुन्हा लिहायचं, तर घरातल्या त्या एकुलत्या कॉम्प्युटरमध्ये मला माझी जागा हवी होती. कोणी हात लावणार नाही अशी.

तेवढ्यात माझ्या मुलाने, रवीने, नवी हार्डडिस्क आणली. रविवारी सकाळी आमच्या सातपूरच्या घरात रोहित आणि त्याची बहीण सृष्टी ती जोडून बसले आणि लगेच जुंपली. पडद्यावर एक लांबलचक काळा पट्टा दिसत होता. सॉफ्टवेअरमध्ये त्याचे भाग पाडायचे होते.

"मला जास्त हवी. माझे व्हिडिओ मोठे असतात," सृष्टी म्हणाली.

"तुझे व्हिडिओ म्हणजे मांजरं!"

"आणि तुझे गेम म्हणजे काय यज्ञ आहे?"

मी घेवड्याच्या शेंगा निवडत होते. म्हटलं, "वाटणी अशी करत्यात व्हय? एकानं वाटे पाडायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचा. आमच्या शिवारात तसंच हाय."

वाटे पाडायचं काम रोहितने घेतलं. मग माउसने रेघ जरा इकडे, जरा तिकडे. डोळे बारीक करून बघ, मागे सरकून बघ. सोनं तोलायला बसल्यासारखा. सृष्टी शेजारी खुदुखुदु हसत होती.

"झालं. अगदी सारखे."

"बांध कुठंय?" मी विचारलं.

"कसला बांध?"

"मधी बांध नको? नाय तर याचा नांगर त्याच्यात घुसतो."

"आजी, यात नांगर चालत नाही!"

"मग माझं वऱ्हाड कशानं गेलं?"

सृष्टी हसता हसता खुर्चीवरून घसरली. रोहितने कान पकडले आणि दोन्ही वाटे थोडे आखडते घेतले. दोन निळ्या वाट्यांच्या मधे काळी पट्टी उरली. सृष्टीने डावा वाटा उचलला, उजवा रोहितला राहिला.

"पण ही एवढी जागा वाया चालली," रोहित हळहळला.

"बांध वाया जात नाय. बांधावर घेवडा लावत्यात."

"मग मी लावतो!"

"तू का? मी लावणार!"

"थांबा," मी म्हटलं. "बांधावरचा घेवडा घरातल्या म्हातारीचा असतो. माझ्या सासूबाई कुणाला शेंग तोडू द्यायच्या नाय. मामंजींना पण."

दोघं एकमेकांकडे, मग माझ्याकडे बघून एकदम ओरडले.

"आजी! तू हे आधीच ठरवलं होतंस!"

"मी शेंगा निवडते बाबा."

मग जे हसू फुटलं ते आवरेना. सृष्टीने माझ्या गळ्यात हात टाकले आणि शेंगांचं ताट उपडं झालं. रोहितने हसतच बांधाचा तिसरा भाग केला. नाव काय द्यायचं म्हणाला, तर मी कीबोर्ड ओढून स्वतःच टाइप केलं, 'बांध'. काळी पट्टी निळी झाली. शेंगा जमिनीवरच ठेवून मी लिहायला बसले.

संध्याकाळी रोहित घुटमळत आला.

"आजी, तुझ्याकडे जागा आहे ना? एकच गेम. छोटासा."

"नाय. बैलगाड्या आत्ताशा वणीच्या बाहेर पडल्यात. मागं सर, धूळ उडंल."