खुर्चीच्या कमरेचा पट्टा

जोडीदाराचं दुखणं ते आपलं दुखणं, या भावनेवरच संसार उभा असतो. विज्ञानाचे मास्तर तर हे मनापासून मानत. म्हणूनच बायकोच्या कमरेच्या तक्रारीला वर्ष उलटताच त्यांनी ताबडतोब शेकायचा पट्टा आणला.

पट्टा साधा होता. ना वायर, ना बॅटरी, ना गरम पाणी. अंगाचीच ऊब धरून ठेवायची आणि दुखऱ्या स्नायूंना आराम द्यायचा, एवढंच त्याचं काम.

रविवारी सकाळी मास्तरांनी बायकोकडे दुसऱ्यांदा चहा मागितला आणि कप हातात आल्यावर आपुलकीने विचारलं, "काय, पडला का फरक?"

"पडेल हो," बाई भरलेली बादली उचलत म्हणाल्या. "आधी फरशी पुसून घेते."

पट्टा स्वयंपाकघरातल्या खुर्चीला अडकवलेला होता. मास्तरांनी शाळेचा थर्मामीटर आणून त्यात खुपसला, मग हवेत धरला. पारा जागचा हलला नाही.

"फसवणूक!" ते गरजले. "खोलीचं जे तापमान, तेच पट्ट्याचं! शुद्ध लूट आहे ही!"

मटार सोलत बसलेल्या त्यांच्या आईने वर पाहिलं. "अरे, शाळेत शिकवतोस तरी काय? दोरीवर वाळत घातलेल्या स्वेटरने दोरीला घाम फुटतो का?"

मास्तर थबकले. प्रश्न त्यांच्याच सहामाही परीक्षेत शोभला असता.

"पट्टा अंगावर हवा, आणि अंग जरा टेकलेलं हवं," आई म्हणाली. "ती बिचारी बांधते, वाकली की तो सरकतो, मग काढून ठेवते. तुझ्या खुर्चीची कंबर मात्र ठणठणीत झाली असेल बघ!"

"मग पडावं की तिने जरा वेळ. मी कुठे नको म्हणतो?"

"नको म्हणत नाहीस रे. पण बादली धरतोस का? माझी कंबर अशीच गेली. तुझे वडील फार मायाळू. रोज विचारायचे, कशी आहे कंबर? आणि लगेच चहा मागायचे."

मास्तरांनी हातातल्या कपाकडे पाहिलं. मग तो हळूच खाली ठेवला.

"अगं, ठेव ती बादली! ठेव म्हणतो ना!"

बाई दचकल्या. "काय झालं? बरं नाही का वाटत तुम्हाला?"

"तू पड. आजची फरशी माझी!"

बाईंनी पट्टा बांधला आणि पलंगावर अंग टेकलं. सवय नसल्याने थोडा वेळ छताकडे अपराध्यासारख्या बघत राहिल्या. "अहो, फडकं नीट पिळा," एवढं बजावलं आणि गाढ झोपल्या. सासूबाईंनी पट्ट्याखाली अलगद हात सरकवला. चांगली ऊब धरली होती.

तेव्हा नागरिकहो, असा पट्टा ऊब तयार करत नाही, असलेली सांभाळतो. पण त्यासाठी एका माणसाला टेकायला मिळावं लागतं, आणि ते मिळायचं तर घरातल्या दुसऱ्याने उठावं लागतं!

मास्तर उठले. त्यांनी सगळं घर पुसलं, गाद्या उन्हात टाकल्या आणि भरलेली बादली एका हाताने उचलली.

पट्टा सध्या त्यांच्या कमरेला आहे. बाईंसाठी दुसरा मागवला आहे.