सामायिक टाचण

संध्या ठाकूर मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाली त्या दिवशी तिला सर्वांत आधी जाणवली ती दारे. रोहा आणि नागोठणे यांच्यामधल्या डोंगरउतारावर, आदिवासी वाडीच्या माथ्याशी ही शाळा. तीन खोल्या, तीन शिक्षक, आणि तिन्ही दारे दिवसभर लोटलेली. शिक्षकांत भांडण नव्हते. भांडायलाही एकमेकांसमोर बसावे लागते.

तिने शुक्रवारच्या शेवटच्या दोन तासिका मोकळ्या केल्या. पोषण आहार शिजवणाऱ्या शांतीकाकींनी तेवढा वेळ मुलांना मैदानात गाण्यांना बसवायचे, असे ठरले. कार्यालयातले कपाट व्हरांड्यात गेले, त्या जागी लांब टेबल आले. अट एकच होती: प्रत्येकाने आपले टाचण आणायचे आणि मोठ्याने वाचायचे.

टाचण म्हणजे उद्याच्या पाठाची आज लिहून ठेवलेली तयारी. निदान नियम तसा होता.

"मॅडम, आमच्या टाचणात जिवंत असते ती फक्त तारीख," रमेश सर म्हणाले. तिसरी-चौथी त्यांच्याकडे. "बाकी सगळं नूतनबाईंच्या वहीतून उतरवलेलं."

"आणि माझं रमेश सरांच्या," पाचवीचे सुशील सर म्हणाले. ते सगळ्यांत तरुण.

"म्हणजे मी आजी झाले की रे तुझी," नूतनबाई म्हणाल्या, आणि त्या खोलीत पहिल्यांदाच हसू आले.

त्याच हसऱ्या आवाजात त्यांनी वाचायला घेतले. "पहिली-दुसरी. विशेष लक्ष द्यायचे विद्यार्थी. येसू बुधा हिलम. अक्षरे ओळखते, शब्दापाशी थांबते."

रमेश सरांचे बोट स्वतःच्या वहीवर थबकले. "येसू माझ्याकडे आहे, बाई."

"माझ्याकडे," सुशील सर म्हणाले.

तिन्ही वह्यांत तेच वाक्य होते, तोच स्वल्पविराम.

"वाक्य उतरवलंत, ते कळलं," संध्या म्हणाली. "मुलगी कुणाच्या वर्गात बसते?"

"माझ्या." तिघेही एकदम बोलले.

"शेवटच्या रांगेत, खिडकीपाशी," रमेश सर म्हणाले.

"वहीवर बोट ठेवून," नूतनबाई हळू म्हणाल्या.

"एकाच वेणीला निळी रिबीन," सुशील सरांचा आवाज उतरला. "रोज असते. पहिल्या तासापासून."

बाहेर मुलांचे गाणे चालू होते. टाळ्यांचा ठेका भिंतीतून येत होता. संध्याने तिन्ही हजेरीपट उघडले. येसू एकाही पटावर नव्हती. दोन वर्षांपूर्वीच्या दुसरीच्या पटावर तिच्या नावावर लाल रेघ होती आणि पुढे नूतनबाईंच्या अक्षरात शेरा: स्थलांतरित.

"घरची माणसं कामाला निघाली तेव्हा मी नाव कमी केलं," नूतनबाई म्हणाल्या. "टाचणात मात्र राहून गेलं. पुढच्या वर्षी तेच उतरवलं, आणि ती दिसायला लागली. मला वाटलं, परतली असेल, रमेश सरांच्या पटावर असेल. माझ्याकडे सवयीनं येऊन बसते."

"सरांना विचारलं नाहीत?"

"केव्हा विचारणार होते, मॅडम?"

त्या प्रश्नात उर्मटपणा नव्हता. दोन वर्षांत असा एकही तास या शाळेत उगवला नव्हता.

रमेश सरांनी वही मिटली. "तिचा बाप दर महिन्याला फोन करतो," ते म्हणाले, आणि त्यांची शाळेतली भाषा गळून पडली. "मी आत बघतो नि सांगतो, हाय रे, वर्गातच हाय."

संध्याने तो नंबर लावला. बुधा धरमतरच्या जेटीवर होता. मागे मालवाहू बार्जचा भोंगा वाजत होता.

"बुधादादा, येसू राहते कुठं?"

"असं काय इचारताय, बाय? जाताना फाटकाशी सोडली तिला. दिसाची शाळंत, रातची शांतीकाकीकडं. मुकादम सोडीना, म्हून दोन वर्सं येता आलं नाय."

संध्याने फोनचा स्पीकर लावून शांतीकाकींना दारात बोलावले आणि विचारले. "माझ्याकडं? नाय गो बाय! मला वाटलं, आत्याकडं ऱ्हाते, तिच्या गावाला."

"आत्या तं म्हणली, पोर शांतीकाकीकडंच बरी," बुधा फोनमधून म्हणाला. मागे पुन्हा भोंगा वाजला. "बाय, मंग पोर कुणाकडं हाय?"

सकाळी ये, एवढेच संध्याला सांगता आले.

तीन खोल्या आहेत म्हणून येसू तीन ठिकाणी बसते, असे संध्याला वाटत राहिले. खोली एकच असेल, तर तिला एकाच जागी बसावे लागेल. ते चौघे टेबलाशी पुन्हा बसले. कोणी वाचायचे, कोणी फळ्यावर लिहायचे, नावे कोणी पुकारायची, सारे ओळीओळीने ठरले. या शाळेने एकत्र आखलेला तो पहिला पाठ, आणि तो चांगला आखला गेला होता.

शनिवारी सकाळी आंबा नदीवरून धुके चढून आले होते. मधल्या खोलीत सत्तेचाळीस मुले दाटीने बसली. तरीही शेवटच्या रांगेत, खिडकीपाशी, एका मुलीपुरती जागा सुटलेली होती. कोणी सांगितले नव्हते. मुलांनी ती सोडली होती.

बुधा दारात उभा होता. जेटीवरच्या कोळशाची पूड त्याच्या भुवयांत बसली होती.

सुशील सर नावे पुकारत शेवटाला आले. "येसू बुधा हिलम."

"हजर."

चौघांनीही एकाच जागी पाहिले. निळी रिबीन. किंचित कललेली मान. दुसरीच्या मापाचा गणवेश, अंगाला अजूनही नेमका बसणारा.

बुधाची नजर रांगांमागून रांगा चाळत होती. "कुठं हाय? मला दावा ना."

"ती काय, खिडकीपाशी," नूतनबाई म्हणाल्या.

"तितं जागा रिकामी हाय, बाय."

संध्याच्या तेव्हा लक्षात आले. या खोलीतल्या मोठ्या माणसांत तो एकटाच असा होता, ज्याने येसूबद्दल कधी काही लिहिले किंवा वाचले नव्हते. समोर बसली होती ती दोन वर्षांची उतरवलेली ओळ. आणि ती ओळ रोज हजर होती, म्हणून मुलीला कुणी शोधले नव्हते.

तिने सामायिक टाचणाची नवी वही उघडली. पहिल्या पानावर लिहिले: येसू बुधा हिलम. दोन वर्षे गैरहजर. कोणीही शोध घेतलेला नाही.

"मॅडम, हे कागदावर आलं तर आपण सगळे..." सुशील सरांनी वाक्य पुरे केले नाही.

"येऊ दे. सही करा."

नूतनबाईंनी केली. रमेश सरांनी केली. सुशील सर पेन धरून खिडकीकडे पाहत राहिले. तिथे येसूने वहीवरचे बोट उचलले होते. पुढचा शब्द कुणी सांगेल म्हणून थांबावे तशी ती थांबली होती. त्यांनी मान खाली घातली आणि सही केली. शेवटची सही संध्याची.

मग खिडकीपाशी धुके होते, आणि बाकीची मुले त्या जागेत नकळत सरकून बसली.

व्हरांड्यात संध्याने ती वही बुधाच्या हातात दिली. "रोह्याला पोलीस ठाण्यात जायचं. आम्ही चौघंही येतोय. शांतीकाकी मुलांपाशी थांबतील."

"काय लिवलंय ह्यात?"

तिने वाचून दाखवले. त्याने डोळे मिटून ऐकले, आणि मधला एक शब्द पुन्हा वाचायला सांगितला.

"गैरहजर."

"मंजी इतं नाय," बुधा म्हणाला. "पण कुठंतरी हाय ना, बाय?"

रमेश सरांनी मोटारसायकल सुरू केली. त्या आवाजात संध्याचे उत्तर तिला स्वतःलाही ऐकू आले नाही. बुधा वही छातीशी धरून मागे बसला.