टँकरच्या रांगेतली बीपीची मशीन

मी मनवेलपाड्याच्या आरोग्य केंद्रातली बीपीची मशीन बोलतेय. हात सैल सोडा आणि गप्प बसून ऐका. मधे बोललात की माझे आकडे चुकतात.

दोन वर्षं मी कपाटात आरामात होते. गरोदर बायकांची तपासणी मंगळवारी दहाला, पण चाळीतल्या बायका फिरकायच्याच नाहीत. रेजिना सिस्टर चिडायच्या, "यांनाच काळजी नाय, आपण काय करणार?" मलाही तेच वाटायचं. आज त्याची लाज वाटते.

मग डॉ. विनिता आरोग्य अधिकारी म्हणून आल्या. त्यांनी चाळीत जाऊन एकच विचारलं, "मंगळवारी दहाला तुम्ही असता कुठे?"

"टँकरच्या रांगेत!"

इतकी वर्षं हे कुणी विचारलंच नव्हतं. पुढच्या मंगळवारी रांगेच्या कडेला एक खुर्ची, एक स्टूल आणि स्टुलावर मी.

सीमा आठव्या महिन्यातली. पाय सुजलेले, डोकं ठणकत होतं. मी पट्टा आवळला. १७०/११०. सिस्टरांनी पुन्हा मोजलं. १७६!

डॉक्टरांनी लगेच ॲम्ब्युलन्स बोलावली. सीमा हंडे सोडेना.

"मॅडम, माझा नंबर जाईल. घरात थेंब नाय. पाणी भरून येते ना."

"सीमा, झटका आला तर तूही जाशील आणि बाळही."

ती रडायला लागली, तरी जागची हलेना. तेवढ्यात टँकर आला आणि ढकलाढकली सुरू झाली. ॲम्ब्युलन्सही येऊन थांबली. मी मुकी, नुसते आकडे दाखवणारी. काय करणार?

डॉक्टरांनी तिच्या हातातला हंडा काढून घेतला आणि स्वतः रांगेत उभ्या राहिल्या.

"तुझा नंबर मी धरलाय. तू जा. सिस्टर, मशीन घेऊन सोबत बसा."

एका हातात हंडा, दुसऱ्या हातात फोन. हॉस्पिटलला त्या माझेच आकडे कळवत होत्या. गाडीत मी सीमाच्या दंडावर होते. १८०. सिस्टर येशूचं नाव घेत होत्या आणि मी पुढचा आकडा दाखवायला घाबरत होते.

हॉस्पिटलात सिझर करून मुलगी झाली, दोघी वाचल्या. दुसऱ्या दिवशी सीमाने डोळे उघडून पहिलं काय विचारलं असेल?

"हंडे भरले का?"

"भरले. मॅडमनी घरी नेऊन ठेवले," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

आता माझा पट्टा उसवलाय, बटणात धूळ गेलीय. कालच वरून कागद आलाय, यंत्रं बाहेर नेऊ नयेत, खराब होतात. होऊ दे मी खराब. पण मंगळवारी मला कपाटात कोंडू नका. रांगेत कुणीतरी डोकं धरून उभी असेल.