सदतीस नंबरची कुपी

मित्रांनो, मी एक जुनी, रिकामी काचेची कुपी आहे. औषधाची कुपी म्हणणार होते. पण थांबा. तेच तर मला दोन वर्षे ठाऊक नव्हते.

एका रुग्णालयात नव्या औषधाच्या चाचणीसाठी माझ्यासारख्या साठ कुप्या भरल्या. निम्म्यांत ते औषध, निम्म्यांत खारे पाणी. दोन्ही सारखेच बिनरंगी, आणि काचेला चव कळत नाही. अंगावर नुसता नंबर चिकटवला, सदतीस. कोणात काय आहे त्याची यादी पाकिटात बंद केली, म्हणजे कोणाचे मन आधीच एका बाजूला झुकायला नको.

माझी नोकरी मिनिटभराची. खिडक्यांना काचा बसवणाऱ्या एका काकांचे बोट कापले होते. (माझ्याच एका भाऊबंदाने. हे अजून बोचते.) बोट वाकवणारी आतली दोरी, म्हणजे कंडरा, तुटली होती. सर्जननी ती शिवली आणि माझ्यातले सगळे तिच्याभोवती सोडले. शिवलेली कंडरा आजूबाजूला चिकटते, मग बोट वाकत नाही. ते चिकटणे थांबवायचे आणि शिवणही कच्ची राहू द्यायची नाही, अशी त्या औषधाची परीक्षा होती.

रिकाम्या कुप्याही यादी उघडेपर्यंत जपायच्या असतात. म्हणून मी व्यायामाच्या खोलीतल्या कपाटात आले. दाराची काच तडकलेली. मला एकाच्या जागी दोन काका दिसायचे.

तीन आठवड्यांनी दोन्ही काकांची बोटे लाकडासारखी.

"घरी व्यायाम करता ना, काका?" व्यायामाच्या बाईंनी विचारले.

"करतो की."

बाईंनी तसे लिहिले आणि मोजपट्टी आणायला बाहेर गेल्या. काकांबरोबर आलेल्या काकू याचीच वाट बघत होत्या.

"करता? कधी? मी घरात नसते तेव्हा?"

"आत एवढं भारी औषध घातलंय. ते काय झोपा काढतंय?"

"औषधच आहे कशावरून? आपलं नशीब मला माहितीये. पाणीच असणार."

मी कपाटात तळमळत होते. खोटे मी ऐकले होते. ओरडून सांगावे, तर कुपीला तोंड असते ते फक्त ओतण्यापुरते.

पुढच्या वेळी काकांनी खिशातून कडा घासलेले काचेचे तुकडे काढले. बोट वाकवून त्याचे टोक आणि तळवा यांच्यामध्ये एकावर एक किती मावतात ते बघायचे; जितके कमी, तितके बोट जास्त वाकले. नऊ मावले.

मग आठ. सात. पुन्हा सात. (त्या आठवड्यात काकूंनी अबोला धरला.) पाच. तीन. एक.

तो एक काही केल्या हटेना.

दोन वर्षांनी अखेर पाकीट उघडले. बाईंनी काका-काकूंना बोलावून वाचले, "सदतीस. औषध."

मित्रांनो, मला आनंद व्हायला हवा होता.

"म्हणजे औषधामुळे एवढं वाकलं?" काकांनी विचारले.

"का औषध असून एवढंच?" काकू म्हणाल्या.

"एका बोटावरून नाही सांगता येत," बाई म्हणाल्या. "साठही बोटं शेजारी शेजारी मांडून बघायचीत."

काका बराच वेळ हातातला तुकडा फिरवत राहिले.

"मॅडम, पहिले तीन आठवडे मी व्यायाम केलाच नव्हता. तुम्ही केला म्हणून लिहिलंय. ते खोडा."

"खोडता येत नाही, काका. शेजारी आजची तारीख घालून खरं लिहिता येतं."

"मग लिहा. माझा आळस औषधाच्या नावावर नको."

काकूंनी बाईंच्या हातात पेन दिले.

दुसऱ्या दिवशी काका मोजायची टेप आणि काच कापायची हिरकणी घेऊन आले. तेच बोट हिरकणीवर दाबून त्यांनी एका रेघेत काच कापली आणि माझ्या कपाटाला बसवली. शेवटचा तुकडा माझ्याशेजारी ठेवून गेले.

मित्रांनो, औषध तुमच्या अंगात शिरते तेव्हा आपली बाजू मांडू शकत नाही. त्याच्या वतीने तुम्हीच बोलता. तेवढे खरे बोला. साठ बोटांचा निकाल अजून लागलेला नाही. मला स्वस्थता नाही. पण आता नव्या काचेतून खोलीत येणारा प्रत्येक माणूस मला एकाचा एकच दिसतो.