पिंकेखालचा मोर

मी एक जुनी पितळी पिकदाणी आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! मंडालेच्या तांबटाने माझ्या तळाशी मोर कोरला होता. सुरुवातीला पाहुणे तो डोकावून बघत. पुढे चाळीस वर्षे मोर पानाच्या लाल थराखालीच राहिला.

माझी मालकीण म्या सेइन मागावर लुंग्या विणते. पानांचे तोबरे भरत ती आणि तिच्या मैत्रिणी हसायच्या, मीही खूश असायचे. नंतर मात्र विणता विणता तिचा हात डाव्या काखेजवळ जाई. तिथे गाठ होती. तिने ती लेकीपासून, न्वे नीपासून, लपवली होती. मला कळत होते, पण पिकदाणीचे ऐकतो कोण?

मग पाण्याचा सण, थिंजान, आला. पानवाले टपऱ्या बंद करून गावी गेले. न्वे नीने मला घासून लख्ख केले आणि मोर पुन्हा दिसू लागला. तिसऱ्या सकाळी म्या सेइनने माझ्यात चूळ टाकली.

"आई, चोरून पान खाल्लंस ना?"

"कुठलं पान? तीन दिवस तोंड नुसतं बेचव झालंय!"

"मग हे लाल कसलं?"

ते रक्त होते. हिरड्यांतून कधीपासून येत होते, कोण जाणे! आम्ही सगळे त्याला पानाचा रंग समजत होतो. मला फार लाज वाटली.

सण संपताच विहारात दातांचे शिबिर भरले. न्वे नीने पुरावा म्हणून मलाही काखोटीला मारले. डॉक्टरीणबाईंनी हिरड्या पाहिल्या, पान बंद करायला सांगितले आणि विचारले, "छातीची तपासणी केलीत कधी?"

"दातवाल्या बाईंना छातीशी काय करायचंय?"

"मावशी, हिरड्यांचा जुना आजार असलेल्या बायकांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा जास्त असू शकतो, असं काही अभ्यासांत दिसलंय. एकामुळे दुसरं होतं, हे सिद्ध झालेलं नाही. पण तपासून घ्यायला काय हरकत आहे?"

म्या सेइनचा हात पुन्हा काखेकडे गेला. "गाठ आहे गं, न्वे नी. थंडीपासून."

न्वे नी रडली, आईवर चिडली आणि त्याच दुपारी तिला इस्पितळात घेऊन गेली. गाठ कर्करोगाचीच निघाली, पण लहान होती. ती हिरड्यांमुळे झाली का, हे कुणीच सांगू शकले नाही. वेळेत सापडली आणि डॉक्टरांनी ती काढून टाकली, एवढे खरे.

आता म्या सेइन पुन्हा विणते, पानाऐवजी शेंगदाणे खाते. माझा धंदा बसला, पण मी मजेत आहे. मित्रांनो, चूळ लाल आली तर दुर्लक्ष करू नका आणि गाठ कधी लपवू नका. आमच्या घरी रोज सकाळी दात घासून झाले की न्वे नी आतून विचारते, "आई, मोर दिसतोय का?"

म्या सेइन माझ्यात वाकून बघते.

"दिसतोय गं, अगदी पिसाऱ्यासकट!"